कापूस, कापूर आणि बोरघाट

आमच्या कर्जत-खालापूरच्या वाट्याला इतिहास तसा कमीच आला आहे. रायगड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की लोकांना गड आठवतो, अलिबाग-मुरुड आठवतं, समुद्र आठवतो. आम्ही मधले. पुण्याला जाताना लागणारा घाट आणि फलाटावर मिळणारा वडा, एवढीच आमची ओळख. फार झालं तर १६६१ ची उंबरखिंडीची लढाई, तीही खालापूर तालुक्यात झाली हे आमच्याच लोकांना सांगावं लागतं.

पण एक इतिहास असा आहे की जो आमच्या घाटाच्या वरून, खालून, आजूबाजूने सारखा गेला आहे आणि त्याची कुणी नोंद घेतलेली मला दिसत नाही. तो म्हणजे फोटोचा. फोटोग्राफरांचा नव्हे हं, फोटो ज्याच्यावर उमटतो त्या पापुद्र्याचा. गेले दोन-तीन महिने मी याच विषयात अडकले आहे (कारण पुढे येईलच), आणि जे हाती लागलं ते मला इतकं गमतीचं वाटलं की लिहूनच टाकावं म्हटलं. आते-मामे-मावस मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, तुमच्याकडे काम आहे.

तर मुळापासून. फोटो म्हणजे काय? एक अगदी पातळ पापुद्रा आणि त्याच्यावर उजेडाने काढलेली नक्षी. रसायनं बदलली, कॅमेरे बदलले, पण शे-दीडशे वर्षं एवढं कायम होतं. आणि हा पापुद्रा बहुतेक वेळा झाडाचा होता. म्हणजे खरोखर झाडाचा. कापूस, लाकूड, डिंक.

झाडाच्या अंगात सेल्युलोज असतं. साखरेचे कण एकाला एक जोडत गेले की लांबच लांब माळ तयार होते, तसं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. १८४० च्या दशकात शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवून पाहिला. दिसायला कापूसच, पण ठिणगी लागली की भडका. त्याला गनकॉटन म्हणायला लागले, म्हणजे बंदुकीचा कापूस. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कमी तीव्र केलेला हा कापूस ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो आणि मधासारखा दाट द्रव होतो. तो पसरला की ईथर उडून जातं आणि मागे काचेसारखा स्वच्छ पापुद्रा उरतो. याचं नाव कलोडियन. पहिला उपयोग डॉक्टरांनी केला, जखमेवर लावायला.

आणि १८५१ च्या मार्चमध्ये लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने त्याचा फोटोसाठी कसा वापर करायचा ते छापून मोकळं केलं. पेटंट घेतलं नाही. पुढे जगभर लोकांनी या कृतीवर पैसा केला आणि हा गृहस्थ १८५७ मध्ये गरिबीतच गेला. असो.

कृती वाचताना मला आजीच्या सांडग्या-पापडांची आठवण झाली, इतकी ती हाताची आणि हवामानाची आहे. काच घासून लख्ख करायची. आयोडाइड मिसळलेलं कलोडियन काचेच्या मधोमध ओतायचं आणि काच चारी कोपऱ्यांना कलती करत सगळीकडे सारखं खेळवायचं, उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत. मग अंधारात ती काच काडीखाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. पापुद्र्याच्या आत आता चांदीचा क्षार तयार होतो, ज्याला उजेड सहन होत नाही. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढायचं, मोजायचं, झाकण लावायचं, पळत अंधारात परत यायचं आणि हिराकसाच्या पाण्याने धुवायचं. जिथे उजेड पडला तिथे चांदी काळी होऊन पापुद्र्यात अडकून बसते. उरलेला क्षार धुऊन काढायचा, वाळवायचं आणि वरून सँडरॅक नावाच्या झाडाच्या राळेचं व्हार्निश द्यायचं. कापसाचा पापुद्रा, राळेचं पांघरूण आणि मध्ये चांदीची नक्षी.

हे सगळं काच ओली असेपर्यंत. पापुद्रा एकदा सुकला की त्यात रसायन शिरत नाही आणि काच वाया. थंड देशात त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं मिळायची. आता हे आमच्या कर्जतला करून पाहा! ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा त्याच्या वर असतो. म्हणजे बाटलीचं बूच उघडलं की निम्मं काम हवेनेच उरकलं. त्यातून चारी बाजूंनी बंद असलेला काळा तंबू, आत ईथरची वाफ, बाहेर धूळ. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. एका माणसाच्या फोटोसाठी कॅमेरा, तिकाटणं, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि पाण्याच्या पखाली एवढा लवाजमा लागायचा. आणि तो डोक्यावरून कुणी वाहायचा हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत हे वेड फार लवकर आलं. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात, पण त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. हरिचंद्र चिंतामण हे आणखी एक. म्हणजे साहेबाचा खेळ आपण लांबून बघत होतो असं नव्हे, आपली माणसंही बोटं काळी करून घेत होती. (काडीखाराने बोटं खरंच काळी होतात, आणि ते डाग धुतल्याने जात नाहीत.)

आणि याच वर्षांत आमच्या घाटात रेल्वेचं काम चालू होतं.

बोरघाटाची गोष्ट मोठी आहे, सगळी सांगत नाही. गाडी १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत आली होती. वरची खंडाळा-पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट लोक पालखीत नाहीतर डोलीत बसून चढायचे. तिथे रूळ टाकायचं काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी आखलं. साधारण २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, २५ बोगदे. काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्या कामावर मजुरी थकली आणि १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने ठेका सोडला.

मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला. तोही १८५९ मध्येच, आणि उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. मागे त्याची बायको अ‍ॅलिस. परक्या देशात नवरा गेलेली बाई पहिल्या बोटीने घरी जाईल असंच कुणालाही वाटलं असतं. हिने ठेका स्वतःच्या अंगावर घेतला. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनियर हाताशी धरले आणि घाट पुरा केला. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी त्याचं उद्घाटन केलं.

आणि ही अ‍ॅलिस ट्रेडवेल फोटो काढायची. घाटाच्या कामाचे तिचे फोटो अल्बमांत जपले गेले. पुलांचे, बोगद्यांचे, कापलेल्या डोंगरांचे. एवढं वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. आमच्या भागाच्या पहिल्यावहिल्या फोटोंपैकी काही एका बाईने काढलेले! ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ, ही नावं आम्ही गाडीच्या खिडकीतून बघत मोठे झालो, तिथे एकोणिसाव्या शतकात घेरदार झग्यातली एक बाई तिकाटण्यामागे उभी होती, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं की कुठल्या बाईंनी वर्गात सांगितलं नव्हतं. त्या काळात बाहेर फोटो काढायचे तर रूढ पद्धत ही कलोडियनचीच. म्हणजे कापूस, ईथर, काडीखार आणि पाण्याची पखाल.

पण मन भरून येतं ना येतं तोच एक खडा लागतो. १८६१ च्या जानेवारीत या घाटात ४२ हजार मजूर कामावर होते. बेचाळीस हजार! आजसुद्धा तेवढी माणसं एका डोंगरावर जमली तर जत्रा म्हणू. पटकीने, तापाने, दरड कोसळून, सुरुंगात सापडून ती हजारोंनी मेली. त्यातल्या एकाचंही नाव मला अजून कुठे सापडलेलं नाही. आणि फोटोत? त्या ओल्या काचेला उजेड प्यायला काही सेकंद लागायचे. पूल हलत नाही, डोंगर हलत नाही. घमेलं घेऊन चालणारी बाई हलते. जी हलली ती धुकं झाली, नाहीतर उमटलीच नाही. ज्याला 'हलू नकोस, तिथे उभा राहा' असं सांगितलं तोच उरला, आणि तोसुद्धा बहुतेक पुलाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. मोजपट्टीसारखा.

याचा दोष मी अ‍ॅलिसबाईंना देत नाही. पापुद्र्याचा तो स्वभाव होता. पण काम करणारा माणूस काम करताना दिसू नये आणि काम थांबवल्यावरच दिसावा, हे मला विसरता येत नाही. आमच्या घरातल्या फोटोंतसुद्धा बायका कधी काम करताना दिसतात का? सगळ्या पदर सावरून खुर्चीत. असो, हा वेगळा विषय.

आता कापसाकडून डिंकाकडे. कारण फोटोचा दुसरा झाडपापुद्रा डिंकाचा आहे, आणि त्याचा पत्ता घाटाच्या माथ्यावरचा आहे.

डिंक म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडांनी जखमेवर लावलेलं मलम. तोच आपण तुपात तळून बाळंतिणीला लाडवात घालतो. डिंक पाण्यात विरघळतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात डायक्रोमेट नावाचा नारिंगी क्षार मिसळला, कागदावर पातळ थर दिला आणि उन्हात ठेवला, तर उजेड पडतो तिथला डिंक पाण्यात विरघळायचा थांबतो. क्रोमियम उजेडात बदलतं आणि डिंकाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी गाठी मारतं. अंधारातला डिंक पाण्याबरोबर निघून जातो आणि उजेडातला राहतो. डायक्रोमेटवर उजेडाचा परिणाम होतो हे मंगो पाँटन या स्कॉटिश माणसाला १८३९ मध्ये दिसलं. डिंक, सरस, अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग, असल्या चिकट वस्तूंवर त्याचा उपयोग करून छपाई करता येते हे फ्रान्सच्या पॉइतव्हाँने १८५५ मध्ये दाखवलं.

इथे चांदी नाही. पापुद्रा नुसता नक्षी धरून ठेवत नाही, तोच नक्षी होतो. कलोडियनपेक्षा मला हे जास्त सुंदर वाटतं. (तुमच्या मोबाइलमधल्या चिपा याच घराण्यातल्या. तिथेही पातळ पापुद्र्यावर उजेड पाडून नको तो भाग धुऊन काढतात. मधली पिढी म्हणजे १९५० च्या दशकात कोडॅकच्या लुई मिन्स्क यांनी केलेला पापुद्रा, आणि त्यातलं उजेड ओळखणारं रसायन दालचिनीच्या नात्यातलं. स्वयंपाकघर काही पाठ सोडत नाही!)

या चिकट पापुद्र्यांनी आमच्या भागाचे नकाशे छापले. कुणाच्या घरी गावाचा जुना भूमापन नकाशा असेल तर कोपऱ्यात बारीक अक्षरात बघा, पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचं नाव असतं. मूळ नकाशाचा फोटो घ्यायचा, तो डायक्रोमेटच्या कागदावर उन्हात उतरवायचा, शाई लावून जस्ताच्या पत्र्यावर घ्यायचा आणि पत्र्याला डिंकाचं पाणी द्यायचं म्हणजे कोऱ्या जागेला शाई धरत नाही. आमची बांधाची भांडणं ज्या रेषांवरून चालतात त्या रेषा अशा उन्हात भाजून निघाल्या आहेत.

आणि दुसरा पत्ता म्हणजे मळवली-लोणावळा. राजा रविवर्म्याचा चित्रछापखाना मुंबईहून हलून मळवलीजवळ आला. घराघरातली लक्ष्मी आणि सरस्वती तिथून आली. त्या छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामं करणारा एक माणूस १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढून बसला होता. धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना सिनेमावाले म्हणून ओळखतो, पण सिनेमाच्या आधी किती वर्षं हा माणूस निगेटिव्ह, ठसे, ऊन आणि पाणी यांच्याशी झुंजत होता! कॅमेरा घेऊन ते एकदम आकाशातून पडले नाहीत. उजेड पापुद्र्यावर काय करतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

आता तिसरा पापुद्रा. सेल्युलॉइड. हे नाव आपण सिनेमाला इतकं लावलं आहे की त्यात सेल्युलोज दडलंय हे विसरलो. नायट्रेट केलेला तोच कापूस, पण नुसता कापूस कडकडीत आणि ठिसूळ होतो. म्हणून त्यात कापूर घालून मऊ केला. कापराच्या झाडाचा कापूर. १८८९ च्या सुमारास ईस्टमनने यातून गुंडाळता येईल अशी फिल्म बाजारात आणली. चित्र धरणारा वरचा थर आता जिलेटिनचा, म्हणजे हाडा-कातड्यांचा होता, तो झाडाचा नव्हे. खालचा पारदर्शक पाट मात्र झाडाचाच.

कापूस आणि कापूर. आपल्या आरतीच्या तबकात जे असतं तेच.

फाळक्यांनी १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणला आणि आधी एका कुंडीत मटार पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचा वेल झालेला दाखवला. झाडाच्या पापुद्र्यावर झाडाची वाढ! मग 'राजा हरिश्चंद्र'. कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या, अंधारात, रात्री, सगळ्या कंपनीचा स्वयंपाक उरकल्यावर. फिल्म धुवायलाही त्याच. पुन्हा एक बाई, पुन्हा अंधार आणि रसायनांचे हात. तिचं नाव मात्र पडद्यावर कुणी बघितलं नाही.

या सिनेमाचं बाहेरचं चित्रण वांगणीला झालं. हो, आपल्या कर्जत लाइनवरच्या, नेरळच्या अलीकडच्या वांगणीला. किस्सा असा सांगतात की भाले-तलवारी घेतलेली ही मंडळी उतरलेली पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं आणि फौजदाराने सगळ्यांना पकडून ठेवलं. मागाहून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा दाखवला, नुसतंच चित्रणाचं सोंग करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली. पहिला खेळ ऑलिंपिया थिएटरात २१ एप्रिल १९१३ ला झाला. तारीख वाचून मी दोनदा पडताळली. बोरघाट उघडला त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. योगायोगच, त्यात अर्थ शोधू नये, पण मजा वाटली खरी.

कापूस आणि कापूर जळतात हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. 'राजा हरिश्चंद्र'ची आज दोन रिळं दिसतात, आणि ती तरी १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची यावर जाणकारांत वाद आहे. मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या, प्रभातच्या मूळ फिल्मसुद्धा त्यात होत्या. ती बातमी वाचली तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं. आज वाटतं.

आगीच्या भीतीने मग सेल्युलोजवर नायट्रिकच्या जागी अ‍ॅसिटिक आम्लाचा संस्कार करायला लागले. साधारण १९५१ नंतर नायट्रेट बंदच झाली आणि सगळीकडे ही 'सेफ्टी' फिल्म आली. भडकत नाही. झाड तेच, कापूस नाहीतर लाकडाचा लगदा. आमच्या भागातला शेवटचा मोठा अंक हिच्यावर झाला. नितीन देसाईंनी २००५ मध्ये चौकजवळ स्टुडिओ उभारला आणि 'जोधा अकबर'चे किल्ले तिथे उभे राहिले. तेव्हा मोठे सिनेमे अजून निगेटिव्हवरच काढत. २००८ मध्ये तो सिनेमा लागला. पुढच्या पाच-सात वर्षांत फिल्मच संपली, आणि देसाई स्वतः २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच स्टुडिओत गेले.

भडकत नाही म्हणून सुरक्षित, असं मात्र नाही. आणि इथे मी आमच्या घरात येते.

खालापूरच्या घराचा व्यवहार झाला हे सगळ्यांना कळलं आहेच. पावसाच्या आत ते रिकामं करून द्यायचं आहे. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. आजोबा रेल्वेत, कर्जतच्या शेडला, घाटात गाड्या ढकलणाऱ्या इंजिनांवर. त्यांच्याकडे डबा कॅमेरा होता आणि एका फिल्मवर बारा फोटो निघायचे. ट्रंकेत बिस्किटांचे चार डबे आहेत आणि त्यात निगेटिव्ह. मार्चमध्ये पहिला उघडला तर नाकात आंबट वास गेला. लोणच्याची बरणी फुटली की काय असं वाटावं, इतका.

तो वास म्हणजेच अ‍ॅसिटिक आम्ल. शिरका. दमट, उबदार हवेत सेल्युलोज आपल्याला चिकटवलेलं आम्ल परत सोडायला लागतं, आणि सुटलेलं आम्ल उरलेल्या फिल्मलाही तेच करायला लावतं. बंद डब्यात तर जास्तच, कारण वास बाहेर जात नाही. आधी वास, मग फिल्म आक्रसते, वाकते, शेवटी वरचा चित्राचा थर सुरकुतून सुटतो. आमच्याकडचा पावसाळा आणि पत्र्याखालचा माळा, याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. सुरुवात झाली की थांबवता येत नाही, फक्त हळू करता येतं. थंडीत, कोरडं ठेवून.

पहिल्या डब्यातल्या निम्म्या निगेटिव्ह वाकल्या आहेत. त्यातली एक मी खिडकीच्या उजेडात धरली. त्यात आजी आहे. खुर्चीत नाही. विहिरीवर, हातात दोर, कळशी अर्धी वर आलेली, चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला, रागावलेला असावा. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असलं तरी आजीचा राग मला ओळखता येतो :) तिचा काम करतानाचा दुसरा फोटो आपल्यापैकी कुणाकडेही नाही, मी सगळ्यांना विचारलं आहे. छापलेली प्रत कुठेच नाही. म्हणजे कापसाच्या त्या एका तुकड्यावर ती आहे, आणि तुकडा कडेने मुरडायला लागला आहे.

तेव्हा आता कामाचं.

डबे ज्यांच्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी आज उघडून वास घ्या. आंबट असेल तर ती 'सेफ्टी' फिल्म, बिघडायला लागलेली. तिला चांगल्या निगेटिव्हपासून वेगळी करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, साध्या कागदाच्या पाकिटात एकेक सुटी ठेवा. फडक्याने पुसू नका, पाण्याने धुवायला तर जाऊच नका. वाकलेली जोर लावून सरळ करू नका, थर तडकतो. आजोबांच्या आधीचं, म्हणजे १९५० च्या अलीकडे-पलीकडचं काही निघालं आणि कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं नसेल, पिवळट चिकट झालेलं असेल, वास आंबट नसून झोंबणारा असेल, तर ते देवघरापासून आणि गॅसपासून लांब ठेवा आणि आधी मला फोन करा. त्याला काडी लावून परीक्षा बघायची नाही. (हे कुणासाठी लिहिलंय ते त्याला कळलं असेल.)

पुण्याच्या ताईकडे चांगला स्कॅनर आहे. आधी वाकलेल्या करायच्या, मग बाकीच्या, कारण वाकलेल्यांना पुढचा पावसाळा बघता येईल असं मला वाटत नाही. मूळ निगेटिव्ह त्यानंतरही टाकायच्या नाहीत. धाकट्या काकांनी त्यांच्या जुन्या फ्रिजमधला खालचा कप्पा द्यायचं कबूल केलं आहे, काकू अजून विचार करत आहेत.

शनिवारी सकाळच्या खोपोली गाडीने मी येते आहे. ट्रंक माळ्यावरून उतरवायला दोन माणसं लागतील.